पंप पाणी ओढत नाही!

परवाच्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये पाण्याबरोबर बुडबुडे यायला लागले. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी अर्धंच, फिल्टरच्या गेजचा काटा खाली. पंप बघणारे मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, पंपाला काही झालेलं नाही. पाइप कुठंतरी हवा घेतोय."

कमिटीला ते पटेना. पाइप फुटला असेल तर पाणी गळायला नको? फरशी तर कोरडी ठणठणीत! नव्या पंपाचं कोटेशन मागवायचं आणि हयगय केली म्हणून मामांच्या पगारातून काही कापायचं, असं जवळजवळ ठरलंच. खोटं कशाला बोलू, कोरडी फरशी बघून मीही मान डोलावली होती.

घरी आलो आणि सवयीने वाचायला बसलो. तेव्हा लक्षात आलं, हा बग चांगला चारशे वर्षं जुना आहे.

१६३८ साली गॅलिलिओचं 'दोन नवी शास्त्रे' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात तिघांचा संवाद आहे. त्यातला साग्रेडो एक किस्सा सांगतो. त्याने पाहिलेल्या एका टाकीवरच्या पंपातून पाणी छान यायचं, पण टाकीतली पातळी एका मर्यादेखाली गेली की बंद. पंप बिघडला समजून त्याने कारागिराला बोलावलं. कारागीर म्हणाला, दोष पंपात नाही, पाणी फार खाली गेलंय. अठरा हातांच्या वर, म्हणजे साधारण साडेदहा मीटरच्या वर, असा पंप पाणी उचलूच शकत नाही. मग तो लहान असो की मोठा.

त्या कारागिराचं नाव पुस्तकात नाही. पण गॅलिलिओने त्याचा आकडा मान्य केला, हे महत्त्वाचं. कारण मात्र चुकीचं दिलं! लांब दोर टांगला तर स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा पाण्याचा खांबही तुटत असणार, असं त्याचं म्हणणं. थोडक्यात, पंप पाणी वर 'ओढतो' हे त्याने गृहीतच धरलं होतं. खरं तर १६३० मध्येच जेनोवाच्या बालियानीने त्याला पत्र लिहून टेकडीवरून नेलेला एक सायफन चालत नसल्याचं कळवलं होतं, आणि हवेच्या वजनाकडे बोटही दाखवलं होतं. गॅलिलिओ दोरावरच अडून राहिला.

गॅलिलिओ १६४२ मध्ये वारला. शेवटचे काही महिने त्याच्याजवळ राहिलेल्या टोरिचेल्लीने प्रश्न उलटा करून पाहिला. पाणी कोणी ओढतच नसेल तर? बाहेरची हवाच ते आत ढकलत असेल तर? दहा मीटरची नळी हाताळणं अवघड, म्हणून पाण्यापेक्षा सुमारे १३.६ पट जड असलेला पारा घेतला. पारा भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, तर तो साधारण ७६ सेंटीमीटरवर थांबला. ७६ ला १३.६ ने गुणा: सुमारे १०.३ मीटर. कारागिराचाच आकडा! आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, अशा अर्थाचं त्याने ११ जून १६४४ च्या पत्रात लिहिलं आहे.

मग टेस्टिंग झालं फ्रान्समध्ये. पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी अशीच नळी घेऊन प्वी द दोम या डोंगरावर चढला. दुसरी नळी पायथ्याच्या गावात ठेवली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस बसवला. माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटीमीटर खाली आला, खालच्या नळीतला हललाही नाही. वर हवा कमी, म्हणून ढकलणंही कमी.

पण माझ्या कोरड्या फरशीचं उत्तर मिळालं ते जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याच्याकडे. त्याला पोकळी तयार करायची होती. त्याने लाकडी पिंप पाण्याने भरलं, बुचं घट्ट केली आणि दांडग्या माणसांना पंप मारायला लावलं. पाणी निघालं, पण पिंपातून खदखदल्यासारखा आवाज यायला लागला. लाकडाच्या फटींतून बाहेरची हवा आत घुसत होती! पुढे त्याने तांब्याचा गोल वापरला, आणि नंतरच्या पंपात तर सांधे पाण्याखालीच बुडवून ठेवले. म्हणजे फट राहिलीच, तर हवा नको, पाणी आत जाऊ दे.

आता आमचा पूल. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवलेला आहे. तो चालू असताना पूल ते पंप या पाइपमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे फट पडली तर पाणी बाहेर येणार कसं? हवाच आत जाणार. फरशी कोरडी असणं हा मामांच्या विरुद्धचा पुरावा नव्हताच, तो त्यांच्या बाजूचा होता.

रविवारी सकाळी मी आणि मामा मगभर पाणी घेऊन बसलो. पंप चालू ठेवून एकेका जोडावर पाणी ओतत गेलो. झाकणाच्या रिंगवर ओतलं, बुडबुडे तसेच. पुढच्या व्हॉल्व्हवर, तसेच. पंपाला लागून असलेल्या युनियनवर ओतलं आणि झाकणाखालचे बुडबुडे थांबले. फटीने हवेऐवजी पाणी घेतलं. गेरिकेची युक्ती! आतली रबरी रिंग कडक होऊन चिरली होती. ती बदलली आणि पंप पूर्ववत. कोटेशन रद्द झालं, पगारकपातीचा विषय कोणी पुन्हा काढला नाही. मी मात्र मामांना सॉरी म्हणालो.

मग मोठ्या उत्साहाने त्यांना दहा मीटरची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हणून तर गावाकडं विहिरीचं पाणी खोल गेलं की मोटार आत उतरवतात, साहेब. वर ठेवून पाणी चढतंय होय?"

असो. मी काय बोलणार!