प्रकल्पग्रस्त दाखला

शासकीय प्रकल्पासाठी जमीन संपादित झालेल्या कुटुंबास जिल्हाधिकारी कचेरीतून मिळणारा लेखी पुरावा. या दाखल्याची निकड कळावयाची असेल, तर चिपळूण तालुक्यातील अलोरे या गावाकडे पाहावे. कारण कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह, कोळकेवाडी धरणाच्या पायथ्याशी, येथे उभे आहे, आणि घाटमाथ्यावर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या जमिनींवर साठलेले पाणी व त्यापासून होणारी वीज येथे एकत्र येतात. धरणाचा लाभ मिळालेल्या क्षेत्रातून विस्थापितांस जमीन द्यावी, हे तत्त्व 1976 च्या राज्य अधिनियमाने कायद्यात आणले. परंतु कोयना धरण 1960 च्या दशकातच पुरे झाले होते, शिवाय मुख्यतः वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या या धरणास सिंचनाचे विस्तीर्ण लाभक्षेत्र नव्हते, म्हणून हे न्याय्य तत्त्व कोयनेच्या विस्थापितांच्या बाबतीत तोकडेच ठरले.

उरला तो नोकरीचा मार्ग. राज्यशासनाच्या सेवाभरतीत प्रकल्पग्रस्तांस, या दाखल्याच्या आधारे, 5 टक्के समांतर आरक्षण ठेवण्यात आले. दाखल्यात मूळ खातेदार, त्याचे गाव आणि संपादित क्षेत्र यांची नोंद असते, तसेच लाभार्थी म्हणून एकाच वारसाचे नाव घातले जाते. भावाभावांतील तंटे येथूनच उद्भवतात.