शाळिग्राम आणि न्यायासन

न्यायाधीशावर टीका करावी की नाही, हा वाद आता उरलेला नाही. ती कोठवर करावी, एवढाच प्रश्न आहे. त्यासाठी आपण १८८३ सालच्या कलकत्त्याकडे वळू.

एका कुटुंबाच्या दाव्यात शाळिग्रामाच्या प्राचीनतेविषयी वाद निघाला. न्यायमूर्ती नॉरिस यांनी मूर्तीच हायकोर्टात आणविली. दुसऱ्या एका पत्रातील हकीकतीवर विसंबून सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी आपल्या ‘बंगाली’ पत्रात जळजळीत लेख लिहिला. इंग्लंडच्या इतिहासातील जेफ्रीज व स्क्रॉग्ज या कुप्रसिद्ध न्यायाधीशांची आठवण देऊन, नॉरिस त्या उच्चपदास नालायक आहेत, असे त्यांनी सुचविले. इल्बर्ट बिलाने वातावरण आधीच तापले होते.

मूर्ती उभय पक्षांच्या संमतीने आणली होती, हे मागाहून उघड झाले. सुरेंद्रनाथांनी चूक कबूल करून क्षमा मागितली. तरीही मे महिन्यात त्यांना दोन महिन्यांची कैद झाली. पाच न्यायाधीशांत खुद्द नॉरिस होते! ज्याचा अपमान झाला तोच निवाड्यास बसला. रमेशचंद्र मित्र या एकट्या हिंदी न्यायमूर्तींनी मात्र दंड पुरेसा आहे, असे भिन्न मत दिले.

परिणाम काय झाला? विद्यार्थी रस्त्यावर आले, प्रांतोप्रांती निषेधसभा भरल्या, आणि ज्याला लाजवावयाचे तो लोकनायक होऊन तुरुंगाबाहेर आला. न्यायासनाची अब्रू तुरुंगाच्या कुलपाने राखली गेली नाही. आपल्या दृष्टीने ती मित्रांच्या भिन्न मताने राखली.

पण सुरेंद्रनाथांचा दोषही झाकून चालणार नाही. खातरजमा न करता त्यांनी माणसाच्या लायकीवरच घाव घातला. १९७१ च्या कायद्याने अंतिम निकाल लागलेल्या खटल्याच्या गुणदोषांवरील न्याय्य टीकेस संरक्षण दिले. २००६ च्या दुरुस्तीने, लोकहितार्थ व प्रामाणिकपणे सांगितलेल्या सत्याचाही बचाव मान्य केला. सुरेंद्रनाथांना सत्याचा हा आधार मिळाला नसता. मात्र न्यायालयाचे समाधान होईल अशी क्षमा मागितल्यास शिक्षा माफ करण्याची वाट त्याच कायद्यात आहे.

तेव्हा निकाल वाचावा, हकीकत पडताळावी आणि मग निर्भयपणे बोलावे. टीकाकाराने पडताळणी सोडू नये, न्यायाधीशाने क्षमा सोडू नये. मर्यादा दोघांनाही आहे.