नावडतीचं मीठ

सावंगीत (मेघे) आमच्या शेजारच्या आजी थोरल्या सुनेच्या भाजीला कुणी नावं ठेवली की म्हणतात, "नावडतीचं मीठ अयनी." ही म्हण आपण आज ऑफिसातही वापरतो. मूळची नावडती मात्र कहाण्यांमधली राणी. राजाला दोन बायका, एक आवडती, एक नावडती.

प्रेमातल्या चढाओढीचे मराठी शब्द शोधू लागलो, तर मी पुन्हापुन्हा सवतीच्याच घरात पोचलो. ही गोष्ट जुनी आहे. संस्कृतात 'सपत्न' म्हणजे शत्रू, आणि तो शब्द 'सपत्नी' म्हणजे सवत यावरून बनला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सवतीला दूर घालवण्यासाठीचं सूक्त आहे. कँटोनी भाषेत मत्सर करण्याला 'व्हिनेगर पिणं' म्हणतात. त्यामागची दंतकथाही सवतीचीच: सम्राटाने देऊ केलेली दुसरी स्त्री घरात येऊ देण्यापेक्षा मंत्र्याची बायको विष समजून पेला रिकामा करते, आणि त्यात व्हिनेगर निघतं.

आपल्या म्हणी अधिक कडू आहेत. 'आपलं नाक कापून सवतीला अपशकुन.' 'नवरा मेला तरी चालेल, पण सवत रंडकी झाली पाहिजे.' यांतून बाईचा मूर्खपणा दिसतो, असं मीही समजत होतो. कायदे वाचल्यावर मत बदललं. १९३७च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. विधवा दोन असल्या तर दोघींत मिळून तो एकच. १९५६च्या वारसा कायद्यातही तोच नियम राहिला. म्हणजे भांडण केवळ नवऱ्याच्या मर्जीचं नव्हतं. ते भाकरीचं, शेताच्या तुकड्याचं, मुलांच्या हक्काचं होतं.

मुंबई प्रांताने हिंदूंमधलं दुसरं लग्न १९४६ साली बंद केलं. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे इथे ती बंदी १८ मे १९५५ला, हिंदू विवाह कायद्याबरोबर आली. हाँगकाँगमध्ये रीतसर उपपत्नी ठेवण्याची प्रथा १९७१पर्यंत चालली.

कायद्याने सवत घालवली, भाषेत ती राहिली. दोन गट, दोन पक्ष भांडले की आपण अजून 'सवतीमत्सर' म्हणतो. त्या शब्दात दोन बायका आहेत. दुसरी घरात आणणारा पुरुष त्यात कुठेच नाही. आजींच्या म्हणीतही मीठ नावडतीचं आहे. ते अळणी ठरवणाऱ्या राजाचं नाव नाही.