बर्डीला नेलेली थैली



बर्डीला जायचं ठरलं की आपल्या घरी आदल्या रात्रीपासून तयारी असते. लग्नाचा बस्ता असो की पोरांचे शाळेचे कपडे, मोरभवनला एसटीतून उतरायचं आणि मेनरोडच्या गर्दीत शिरायचं. संध्याकाळी परतताना हातात काय असतं ते आठवा. साडीची एक पन्नी, चपलांची दुसरी, फुटाण्याची तिसरी. आपल्या आज्या याच बाजारातून यायच्या, तेव्हा त्यांच्या हातात एकच थैली असायची आणि ती घरून नेलेली असायची. ती थैली कशी गेली आणि परत येता येता कुठे अडकली, ते आज सांगते.

सीताबर्डीचं नाव इतिहासात येतं ते लढाईमुळे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी इथल्या दोन टेकड्यांवर भोसल्यांचं आणि इंग्रज कंपनीचं सैन्य भिडलं आणि कंपनी जिंकली. तेव्हाचं नागपूर म्हणजे महालाकडचं शहर, बर्डी त्याच्या बाहेर होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कोष्ट्यांच्या मागावरच्या कापडाशेजारी गिरणीचं कापड विकायला आलं. बर्डीचा बाजार वाढत गेला. लढाईच्या तारखा लिहून ठेवलेल्या आहेत. बाया बाजाराला काय घेऊन जायच्या, हे कोणी लिहिलं नाही. ते घरातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावं लागतं.

त्या सांगतात, लुगडं विरलं की त्याचा धड भाग गोधडीला जायचा आणि काठाकडच्या जाड पट्टीचे थैलीला बंद लागायचे. किराणा रद्दीच्या पुड्यांत, वरून दोरा. तो दोराही घरी गुंडाळून ठेवायचा. तेलाला घरची बाटली, दुधाला लोटा. ओलं काही असलं तर पळसाच्या पानात. बुरडांनी विणलेल्या टोपलीत संत्री. यातलं काहीही उकिरड्यावर पडलं तर मातीच व्हायचं. त्यांना कोणी पर्यावरण शिकवलं नव्हतं. वस्तू फेकणं परवडत नव्हतं, एवढंच. गरिबीचं कौतुक करायला मी बसले नाही. पण सवय चांगली होती हे खरं.

आता पन्नीची गोष्ट. ज्या पदार्थाची ती बनते ते पॉलिथिन १९३३ मध्ये इंग्लंडच्या एका रसायन कारखान्यात, भलताच प्रयोग चालू असताना, अपघाताने सापडलं. धरायला कान असलेली पातळ पिशवी तयार केली स्वीडनच्या स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी. १९६५ मध्ये त्यांच्या कंपनीला तिचं पेटंट मिळालं. पुढे त्यांच्या मुलाने सांगितलं, की कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटतात म्हणून वडिलांनी ही पिशवी केली होती, आणि ते स्वतः एक पिशवी घडी करून खिशात ठेवायचे. म्हणजे करणाऱ्याला ती पुन्हापुन्हा वापरायची होती! फुकट मिळायला लागली आणि आपण ती एकदाच वापरायला शिकलो.

फेकलेली पन्नी जाते कुठे? बर्डीजवळून नाग नदी वाहते. ती पुढे पिवळी नदीला, मग कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि खाली गोसेखुर्दचं धरण आहे. शहरातली घाण कुही, भंडारा, पवनीकडच्या गावांच्या पाण्याकडे जाते ती अशी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा मोरभवनच्या स्टँडवर बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. दोष एकट्या पन्नीचा नव्हता. पाऊस थोड्या तासांत फार पडला, आणि नदीच्या वाटेत बांधकामंही झाली होती. पण तुंबलेल्या नाल्यात हात घालून पाहा, पहिली काय निघते. गायीचं तर आपण जाणतोच. शिळं अन्न गाठ मारून फेकलं की ती गाठीसकट गिळते आणि पन्नी पोटात साचत जाते.

सरकार जागं झालं ते मुंबई बुडाल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, नाले तुंबले. २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीवर बंदी घातली. एक मिलिमीटर म्हणजे हजार मायक्रॉन, यावरून जाडी समजा. दुकानदार काही मोजपट्टी घेऊन बसत नाही, त्यामुळे फार फरक पडला नाही. २३ मार्च २०१८ ला राज्याने पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर सरळ बंदी आणली. तीन महिन्यांनी दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि कैद.

त्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या मशीन दिवसभर चालल्या. बर्डीच्या एका दुकानदाराने थैल्यांची ऑर्डर दिली होती, आम्ही गटाच्या बचतीतून नवं कापड घेतलं. दिवाळीपर्यंत माल गेला. नंतर तपासणी ढिली पडली, पन्नी गल्ल्याखालून परत निघाली आणि दुकानदार म्हणाला, "ताई, आता गिऱ्हाईक मागत नाही." उरलेल्या थैल्या कपाटात राहिल्या, पैसे अडकले. दोन बायांनी गट सोडला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

चूक आमचीही होती. एक तर धंदा दंडाच्या भीतीवर उभा केला. दुसरं, नव्या कापडाची थैली तितकी निर्दोष नसते. पऱ्हाटीला किती फवारे आणि किती खत लागतं, हे आपल्याहून कोणाला ठाऊक? अशी थैली दोन-चारदा वापरून टाकली तर पन्नीपेक्षा नुकसान जास्त. वर्षानुवर्षं वापरली तरच ती कामाची.

आता आम्ही जुन्या साड्या आणि शर्टांच्या थैल्या शिवतो. बंदाला चौकडीची शिलाई घालतो, नाहीतर पाच किलो ज्वारीला तो उसवतो. गावच्या किराणा दुकानात दहा थैल्या टांगल्या आहेत. विसरून आलेली बाई दहा रुपये ठेवून नेते, परत आणली की पैसे परत. पहिल्या महिन्यात सहाच परत आल्या. मागच्या महिन्यात नऊ आल्या, आणि दहावी कोणाकडे आहे हे दुकानदाराला माहीत आहे.