हातगुण आणि विमानाची नोंद

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी घरांना पूर्वी कारवीचा कूड असे. कारवीच्या काठ्या बांधून त्यावर माती-शेणाचा गिलावा द्यायचा. काठी ताण सोसते, माती तिला जागेवर धरून ठेवते. धागा आणि त्याला धरणारा पदार्थ यांच्या जोडीतून दोघांनाही एकट्याने न पेलणारी ताकद उभी करणे, हेच कंपोझिटचे तत्त्व. काचतंतू आणि रेझिनची पाण्याची टाकी त्याच तत्त्वावर उभी राहते आणि बोइंग 787 च्या सांगाड्याचे निम्मे वजनही. तरीही फायबरचा छोटा धंदा विमान उद्योगात क्वचितच पोचतो. भांडवल नाही, कार्बन तंतू महाग, ही कारणे खरी आहेत; पण मोठी अडचण नोंदीची आहे, असे मला वाटते.

फायबरच्या शेडमध्ये साच्याला वॅक्स लावतात, जेलकोट मारतात, काचेची मॅट अंथरून तिला हार्डनर घातलेले रेझिन पाजतात आणि रोलर फिरवून बुडबुडे काढतात. वेल्ह्यासारख्या धो-धो पावसाच्या मुलखात रेझिन वैशाखात एक वागते, आषाढात दुसरे. मुरलेला कारागीर अंदाजाने हार्डनर कमी-जास्त करतो आणि माल उत्तम निघतो. विमानाच्या भागाला एवढ्याने भागत नाही. तिथे रेझिन मुरवलेले कापड, म्हणजे प्रीप्रेग, साधारण उणे 18 अंशांवर ठेवतात आणि रोल बाहेर किती तास राहिला ते प्रत्येक वेळी लिहितात. कारण बाहेरच्या उबेत रेझिन हळूहळू पिकत जाते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. भाग दाबाखाली भाजणाऱ्या भट्टीतल्या, म्हणजे ऑटोक्लेव्हमधल्या, तापमानाचा आणि दाबाचा आलेखही जपून ठेवावा लागतो. दहा वर्षांनी भाग तडकला, तर तो कोणत्या रोलचा आणि कोणत्या दिवशीचा हे सांगता आले पाहिजे.

गोव्यातल्या किनेकोचा इतिहास इथे पाहण्यासारखा आहे. शेखर सरदेसाई यांनी 1994 मध्ये पिळर्ण येथे सुरू केलेली ही कंपनी रेल्वेडब्यांच्या अंतर्भागाच्या कामातून वाढली. रेल्वेचा माल आगीच्या आणि धुराच्या चाचण्यांतून जातो, म्हणजे नोंदीची सवय तिथेच लागते. विमान उद्योगातल्या अमेरिकेच्या कामन कंपनीशी भागीदारी झाली ती 2012 मध्ये. पुण्याच्या दिघीतील संरक्षण प्रयोगशाळेच्या साथीने घडवलेला नौदलाचा सोनार डोम, म्हणजे जहाजाच्या सोनारावरचे कवच, 2016 चा. परदेशी भागीदार मिळाला म्हणून जमले, असा आक्षेप कोणी घेईल. पण तो भागीदार 18 वर्षांच्या कामानंतर आला. रिकाम्या शेडशी कोणी करार करत नाही.

भांडवलाचा आक्षेप मात्र खोडता येत नाही. ऑटोक्लेव्ह भोरमधल्या छोट्या कारखान्याच्या आवाक्याबाहेरच राहील. म्हणून साचे आणि रेल्वेचे भाग, ही आधीची पायरी मला महत्त्वाची वाटते. नोंदीपुढे कारागिराची किंमत उरणार नाही, ही भीती त्याहून गंभीर आहे. पण विमानाच्या कितीतरी भागांत प्रीप्रेगचे थर आजही माणसेच हाताने लावतात. आषाढातला तो अंदाज तापमान, दमटपणा आणि हार्डनरच्या आकड्यांत उतरला, तर तो एका कारागिराबरोबर निवृत्त होत नाही, आणि त्याच्या हाताखालच्या पोराला पहिल्या दिवसापासून वापरता येतो.