झाडावरची राखण : माळ्यापासून पट्ट्यापर्यंत



भात पोटरीला आले, नाचणी भरू लागली की महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर रानडुकरांची धाड ठरलेलीच. आपले वाडवडील त्यासाठी बांधावरच्या झाडावर माळा घालीत. बेचक्यात बांबू आडवे टाकायचे, सुंभाने आवळायचे, वर पेंढा पसरायचा. मग डबा वाजवीत, हाळी देत रात्र काढायची. सुंभ पावसात कुजतो, म्हणून जाणता माणूस दोरी दरसाल नवी घेई.

माळ्यावरून शिकारही होई. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची हौशी शिकारही बंद झाली. आज वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे गुन्हा आहे. राखण मात्र सुटलेली नाही.

तिकडे किनाऱ्याला भंडारी खोडात खाचा पाडून, पायात दोराचे कडे घालून माडावर चढत. ते कसब लहानपणापासूनचे. दोर जुना झाला की हाताला कळे.

पुढे नायलॉन आले. १९३५ साली अमेरिकेत त्याचा शोध लागला आणि कालांतराने तो दोर आपल्या गोठ्यापर्यंत पोचला. कुजत नाही म्हणून माणूस निर्धास्त झाला. पण उन्हाने त्याचा धागा कमजोर होतो, घासून तापला की वितळतो, गुळगुळीत असल्याने साधी गाठ सुटते. शिवाय कुठल्याही दोराला गाठ मारली की त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही घटते.

परदेशात शिकारी पट्ट्याची बैठक करून खोडाला टेकून बसतात. ते पाहून भंगारातल्या गाडीचा पट्टा आणि बाजारचा आकडा घेऊन तसेच घरी शिवावे, असे कुणाला वाटेल. थांबा! पट्टा मजबूत असला तरी तुमची शिवण आणि तुमचा आकडा तेवढा भार घेईलच असे नाही. दहा फुटांवरून पडलेला माणूस ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो.

घरची युक्ती वाईट असते असे नव्हे. केरळात चेंपेरीच्या एम. जे. जोसेफ या शेतकऱ्याने माडावर चढायचे यंत्र केले आणि ते देशभर गेले. पण त्यात तोल गेल्यास माणसाला धरणारे काही नव्हते. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने त्याला सुरक्षेची जोड दिली. युक्ती शेतकऱ्याची, पारख संस्थेची, असे झाले तेव्हा जीव वाचवणारे साधन तयार झाले.

तेव्हा एवढे पाळा :

१. अंगभर पट्टा विकतच घ्या. आय. एस. ३५२१ ही खूण पाहा. त्यात भोक पाडू नका, नवी शिवण घालू नका.

२. नुसता कमरेचा पट्टा नको. पडल्यावर तो पोट आणि बरगड्या दाबतो.

३. जमिनीवरून पाय उचलला की परत टेकेपर्यंत दोर खोडाला बांधलेला हवा.

४. शेवगा, जांभूळ यांच्या फांद्या कडकन मोडतात. त्यांवर बसू नका.

५. खाली सोबती ठेवा. पट्ट्यात निश्चल लोंबकळलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. त्याला लगेच उतरवायला हवे.

६. एकदा झटका बसलेला पट्टा आणि दोर पुन्हा वापरू नका.

पीक गेले तर त्याची भरपाई वन खात्याकडे मागता येते. घरचा कर्ता गेला तर ती कुठे मागायची?