ॲनाप्लास्टिक अवटू कर्करोगावरील संयुक्त लक्ष्यवेधी उपचार

अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथीच्या सर्वांत आक्रमक कर्करोगात, पेशींच्या वाढीचा एकच संदेशमार्ग दोन ठिकाणी रोखणारी दोन औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीस संयुक्त लक्ष्यवेधी उपचार म्हणतात. डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही त्यातील प्रमुख जोडी होय. गाठीच्या पेशींत ‘बीरॅफ व्ही६००ई’ हे जनुकीय उत्परिवर्तन आढळले, तरच ती दिली जाते.

रोगाचे स्वरूप

अवटू ग्रंथीचे बहुतेक कर्करोग संथ वाढतात आणि शस्त्रक्रिया व किरणोत्सारी आयोडीन यांनी आटोक्यात येतात. मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण चिकित्सा केंद्रात असे उपचार अनेक दशके होत आले आहेत. ॲनाप्लास्टिक कर्करोगाच्या पेशींनी मात्र मूळ ग्रंथीपेशींचे गुणधर्म गमावलेले असतात. त्या आयोडीन शोषून घेत नसल्याने किरणोत्सारी आयोडिनाचा त्यांवर परिणाम होत नाही. अवटू कर्करोगाच्या रुग्णांपैकी जेमतेम १ ते २ टक्के या प्रकारचे असतात. हा रोग बहुधा साठीनंतर होतो. निदानाच्या वेळीच तो चौथ्या टप्प्यात गणला जातो आणि जुन्या उपचारांनी निम्म्याहून अधिक रुग्ण सहा महिन्यांच्या आत दगावत.

कार्यपद्धती

पेशीला विभाजनाचा आदेश रास, रॅफ, मेक आणि अर्क या प्रथिनांच्या साखळीतून मिळतो. बीरॅफ प्रथिनातील ६००व्या स्थानी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आले की हा आदेश अखंड सुरू राहतो. डॅब्राफेनिब बीरॅफला रोखते. परंतु तेवढ्यावर पेशी पर्यायी वाटेने मेक प्रथिन पुन्हा जागृत करतात. ट्रॅमेटिनिब ती पुढची कडी बंद करते.

परिणाम व मर्यादा

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१८ मध्ये या जोडीस मान्यता दिली. ‘रोअर’ या वैद्यकीय चाचणीच्या २०२२ मधील अहवालानुसार ३६ रुग्णांपैकी ५६ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात आक्रसल्या आणि मध्यक आयुर्मान १४.५ महिने भरले. काही रुग्णांत गाठ लहान झाल्यावर पूर्वी अशक्य असलेली शस्त्रक्रिया करता येते. ताप, थंडी, पुरळ व थकवा हे सामान्य दुष्परिणाम असून हृदय व डोळ्यांची तपासणी करत राहावी लागते. कालांतराने अनेक गाठी औषधांना दाद देईनाशा होतात. उत्परिवर्तन नसलेल्या रुग्णांना ही जोडी दिली जात नाही. रेट किंवा एनटीआरके जनुकांत बिघाड असल्यास वेगळी औषधे वापरतात.

खानदेशातील संदर्भ

जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी आहेत. डोंगरउतारावरील मातीतून आयोडीन वाहून जाते आणि त्याच्या कमतरतेमुळे गलगंड होतो. भारतात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. आयोडीनयुक्त मिठाचा प्रसार झालेल्या प्रदेशांत ॲनाप्लास्टिक कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे आढळले आहे.

बहुतेक गलगंड निरुपद्रवी असतात. परंतु ॲनाप्लास्टिक कर्करोग पुष्कळदा जुन्या गाठीतच उद्भवतो. वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढली, टणक झाली, आवाज बसला किंवा गिळताना व श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर त्वरित तपासणी आवश्यक ठरते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बायोप्सीबरोबरच बीरॅफ चाचणी तातडीने करावी. जळगावहून मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयासारखे कर्करोग केंद्र रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे गावपातळीवरील डॉक्टराने ही लक्षणे वेळीच ओळखून रुग्णास पुढे पाठवणे, हा या उपचाराचा पहिला टप्पा ठरतो.